कुत्र्याला घेऊन समुद्रावर : आक्षी, किहीम, काशीद की बोर्डी?

थंडी सुरू झाली की मुंबई-पुण्याकडच्या कुत्रा पाळणाऱ्या घरांत एक बेत हमखास निघतो : याला एकदा समुद्र दाखवून आणू. मग शोधाशोध होते आणि हाती लागतात त्या ‘पेट फ्रेंडली’ खोल्यांच्या जाहिराती. त्यातून खोलीत कुत्रा चालतो एवढंच कळतं. समोरच्या पुळणीवर तो दोन तास सुखाने फिरेल का, याचा पत्ता त्यात नसतो. आपल्याकडे कुत्र्यांसाठी राखून ठेवलेले किनारे नाहीत. त्यामुळे ‘इथे परवानगी आहे का’ यापेक्षा ‘इथे माझ्या कुत्र्याला मानवेल का’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. त्याचं उत्तर चार गोष्टींवर ठरतं : त्या वेळी वाळू किती उघडी आहे, गावकुत्र्यांच्या टोळ्या कुठे बसतात, घोडागाड्या आणि एटीव्ही (वाळूवर पळवायच्या चारचाकी मोटारी) किती धावतात, आणि सावली व गोडं पाणी किती जवळ आहे.

एका दिवसाची सहल धरून माझं मत आधीच सांगते. बहुतेक कुत्र्यांसाठी आक्षी. म्हातारा किंवा बुजरा कुत्रा असेल तर बोर्डी. मुंबईहून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) येणार असाल आणि मधल्या वारी सुट्टी काढता येत असेल तर किहीम. काशीद दिसायला कितीही सुंदर असलं तरी कुत्र्यासाठी नको.

आधी तिथी, मग गाव

गाव ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळी आठच्या आसपास पाणी पार मागे गेलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती आणि सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे बऱ्यापैकी जुळतो. नेमक्या वेळा मोबाइलवर भरतीच्या तक्त्यात पाहून घ्याव्यातच, पण रविवार निवडायला तिथी पुरते.

कुत्र्याला हवी असते ती सकाळची ओहोटी. ओली, घट्ट, गार वाळू, धावायला भरपूर रुंदी, आणि ऊन चढेपर्यंत परत सावलीत. म्हणून पौर्णिमेपासून संकष्टीपर्यंतचे किंवा अमावास्येपासून विनायकीपर्यंतचे दिवस धरा. एकादशीला गेलात तर सव्वाआठला भरती असेल आणि वाळू मोकळी होईपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असेल. किनारा तोच, पण एका तिथीला कुत्रा मनसोक्त खेळतो आणि दुसऱ्या तिथीला सुरूच्या झाडांच्या मुळाशी अडकून बसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी जितकं लांब जातं तितकंच वर चढतं, म्हणून अकरा वाजता पुळणीवर सामान पसरून झोपू नका.

याच कारणाने अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचा मोह कुत्रा सोबत असताना टाळावा. परतताना पाणी गुडघ्याला लागलं तर माणूस सावरतो. घाबरलेला कुत्रा मात्र पट्ट्याला हिसडे देतो आणि दोघंही पडतात.

आक्षी आणि नागाव : एकच पुळण, दोन वेगळे स्वभाव

आक्षी आणि नागाव हे सलग किनारे आहेत, अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला काही मिनिटांवर. पण नागावच्या बाजूला शनिवार-रविवारी पाण्यातले खेळ, केळ्याच्या आकाराची बोट, एटीव्ही, घोडागाड्या यांची अशी दाटी असते की माणसालाही बाजूला होत चालावं लागतं. घंटा वाजवत येणारी घोडागाडी पाहून भुंकणार नाही असा कुत्रा विरळा. आणि बुजलेला घोडा ही सगळ्यांसाठीच जोखीम, कुत्र्यासाठी, गाडीतल्या लहान मुलांसाठी आणि घोड्यासाठीही. नागावला जायचंच तर मधल्या वारी, आठच्या आत.

आक्षीला तीच घट्ट करडी वाळू मिळते आणि गर्दी बरीच कमी. सुरूचं बन दाट आहे. दहा वाजता ऊन लागायला लागलं की शंभर पावलांत सावली सापडते, आणि कुत्र्याच्या दृष्टीने हीच या किनाऱ्याची खरी श्रीमंती. वाळू तापली का हे तळहाताची मागची बाजू टेकवून पाहावं. पाच-सात सेकंद हात ठेववत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही ते सोसणार नाही. काळसर वाळू लवकर तापते, म्हणून रेवदंड्याची काळी पुळण मी यादीत घेतलेलीच नाही.

आक्षीला दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली म्हणजे पक्षी. हिवाळ्यात ओहोटीच्या रेषेवर कुरव आणि चिखल्यांसारखे छोटे पाणपक्षी थव्याने उतरतात. त्यांतले पुष्कळसे दूरवरून स्थलांतर करून आलेले असतात आणि पाणी मागे गेलेल्या तेवढ्या वेळातच त्यांना पोट भरायचं असतं. कुत्र्याने थवा उठवला की आपल्याला मजा वाटते, पण त्या पक्ष्यांचं खाणं तुटतं. लांब दोरी बांधा आणि थव्याच्या उलट दिशेने चाला. दुसरी गोष्ट कोळीवाड्याची. मासळी वाळत घातलेली असते तिकडे कुत्र्याला नेऊ नये. तिथल्या एका मावशींनी मला लांबूनच हात केला होता, “ताई, त्याला धरा गो, आताच पसरलंय.” त्यांची सकाळची सगळी मेहनत त्या वाळूवर होती. आपण वळसा घेतला की वाद होत नाही, उलट परतताना त्याच मावशी कुत्र्याचं नाव विचारतात.

आक्षीत शके 934 चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. कुत्रा दमून गाडीत झोपला की जाताजाता पाहून यावा असा.

किहीम : रो-रोवाल्यांची सोय

किहीमचा मोठा गुण म्हणजे मांडव्यापासूनचं कमी अंतर. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो 2020 मध्ये सुरू झाली. साधारण तासाभरात ती गाडीसकट पलीकडे उतरवते, आणि कुत्र्याचं तिकीट काढून त्यालाही नेता येतं. रस्त्याने येताना वडखळच्या वाहतुकीत अडकून मागच्या सीटवर ओकाऱ्या काढणारा कुत्रा ज्यांनी पाहिलाय, त्यांना या एका तासाची किंमत कळेल. बुकिंग करतानाच त्याचंही तिकीट काढा आणि परतीची फेरीही तेव्हाच ठरवा.

किनारा म्हणून मात्र किहीम आक्षीच्या मागे राहतं. ओहोटीला बरेच खडक उघडे पडतात. त्यांवर कालवांच्या धारदार कडा असतात आणि पंजा चिरला की तिथेच सहल संपते. गाड्या लावतात तिथे खाण्याच्या टपऱ्या आहेत, आणि टपऱ्या म्हटलं की गावकुत्र्यांची टोळी आलीच. या टोळ्यांची हद्द ठरलेली असते. त्यांच्या राज्यातून आपला कुत्रा मिरवत न्यायचा नाही, शक्य तितकं बाजूने उतरायचं. ती अंगावर आली तर ओरडून, पळून उपयोग नाही. कुत्र्याला आपल्या मागे घेऊन, हळू चालत, आल्या वाटेने मागे फिरायचं. टपऱ्यांपासून उत्तरेला आवासच्या दिशेने चालत गेलात की पुळण शांत होते. समोर खांदेरी-उंदेरी ही किल्ल्यांची बेटं दिसतात आणि मागे झाडी. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींनी 1930 च्या सुमारास सुगरणीच्या विणीचा अभ्यास याच गावात केला. झाडी आजही पक्ष्यांनी गजबजलेली असते, म्हणून इथेही दोरी सोडू नका.

काशीद : नको, आणि का नको

अलिबागहून आणखी तीसेक किलोमीटर पुढे. वाळू पांढुरकी, पाणी स्वच्छ, फोटो देखणे. पण किनाऱ्याला उतार आहे, लाट जोरात आपटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. इथे माणसं बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. लॅब्राडॉर चेंडूमागे बेधडक पाण्यात शिरतो, ओढ लागली की मालक त्याच्यामागे जातो, आणि पोहता येतं या भरवशावर दोघंही संकटात येतात. वर घोडे, उंट, एटीव्ही आहेतच. पग किंवा शित्झूसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना तर एवढ्या लांबच्या प्रवासानंतर उघड्यावरचं ऊन अजिबात झेपत नाही.

बोर्डी : म्हाताऱ्यांचा आणि बुजऱ्यांचा किनारा

डहाणूच्या उत्तरेला, गुजरातच्या हद्दीशी. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून जायला बोर्डीच सोपी. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण महामार्गामुळे प्रवास सलग होतो. या किनाऱ्याला उतार जवळजवळ नाहीच. ओहोटीला समुद्र इतका लांब जातो की पाणी शोधत चालावं लागतं, आणि भरतीलाही कितीतरी पावलं पाणी घोट्याच्या वर येत नाही. सांधे धरलेला बारा वर्षांचा कुत्रा इथे निवांत पाय भिजवतो. लाटेच्या आवाजाला घाबरणाऱ्या पिल्लालाही पहिली ओळख करून द्यायला याहून सौम्य जागा मी पाहिलेली नाही. काठाला सुरूची लांबच लांब रांग आहे, मागे चिकूच्या वाड्या.

उणीव आहे ती चिखलाची. ओहोटीच्या मैदानात मधेमधे मऊ गाळ लागतो, आणि त्यात लोळलेला कुत्रा गाडीत घ्यायचा तर वीस लिटरचा एक कॅन त्याच्या आंघोळीसाठी वेगळा न्यावाच लागतो. पाणीही निळं नसतं, मातकट असतं. पोहण्याची हौस असलेल्या कुत्र्याला इथे कंटाळा येईल, त्याला आक्षी. भरतीच्या वेळा मुंबईपेक्षा थोड्या उशिराच्या असतात, तेवढा फरक धरून निघा.

जुहू-वर्सोवा आणि दिवेआगर

मुंबईकरांनी पहिल्या खेपेला लांब जाऊच नये. पहाटे जुहू किंवा वर्सोव्याला अर्धा तास नेऊन पाहावं : लाटेला घाबरतो का, खारं पाणी पितो का, हाक मारली की परत येतो का. एवढं कळलं की पुढचं ठरवणं सोपं जातं. पूर्ण दिवसासाठी मात्र हे किनारे नाहीत. कचरा, काच आणि गर्दी. पावसाळ्यात तर निळ्या फुग्याचे ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे समुद्री जीव, वाळूवर येऊन पडतात. सुकलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख करतात, आणि कुत्रा नाकाने हुंगतो तिथेच तो डंख बसतो.

दिवेआगरची पुळण लांब, सपाट, सुरू-केतकीची. पण ती मुक्कामाची जागा, एका दिवसात जाऊन-येऊन कुत्र्याचे हाल होतात. शिवाय दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटी हिवाळ्यात होतात आणि पिल्लं साधारण मेपर्यंत निघत राहतात. वाळू उकरणारा कुत्रा हा त्या घरट्यांचा मोठा शत्रू. वेळासला 2002 पासून गावकऱ्यांनी आणि सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने जे राखलंय, ते आपल्या हौसेपायी उकरलं जाऊ नये. त्या महिन्यांत तिकडे कुत्रा नेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

कुठेही गेलात तरी

सगळ्यांत जास्त भीती मला वाळूवर पडलेल्या माशांची वाटते. रापण किंवा जाळं काढून झालं की नको असलेले मासे तिथेच फेकले जातात, त्यांत केंड मासा असतो. काटेरी चेंडूसारखा फुगलेला किंवा सुकून चपटा झालेला. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कातडीतही जबर विष असतं. सुकल्याने ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही. कुत्र्याने तोंडात धरला तर लगेच ओढून काढा. ओकारी, लाळ, पाय लटपटणं असं काही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. ‘सोड’ ही आज्ञा घरी पक्की झाल्याशिवाय कुठल्याही किनाऱ्यावर दोरी सोडू नये, ती याचसाठी.

गोडं पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पाजत राहा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो आणि परतीच्या वाटेवर जुलाब सुरू होतात. विष्ठा उचलायला पिशव्या न्या. वाळूत पुरून ठेवलेली घाण दुसऱ्या दिवशी तिथे खेळणाऱ्या गावातल्या मुलांच्या हाताला लागते. रेबीजची लस झालेली हवीच, कोकणात जाताना लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची). लसीचं कार्ड सोबत ठेवा.

पुणेकरांना मी अजूनही आक्षीच सांगेन. पहाटे चारला निघायची तयारी ठेवा, म्हणजे खोपोली-पेणमार्गे आठच्या सुमारास पोहोचता आणि सकाळची ओहोटी हाती लागते. अटल सेतूमुळे मुंबईकरांचाही रस्ता आता सुटसुटीत झालाय. त्यामुळे रो-रोचं तिकीट मिळालं नाही म्हणून बेत रद्द करायचं कारण नाही. जेवणासाठी घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून अंगणात कुत्रा बांधता येईल का हे विचारा, आणि तोच फोन चालू असताना जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबरही मागून घ्या.