ऑइल हीटर म्हणून पाण्याचा हीटर गळ्यात मारतात

कुपवाड एमआयडीसीत आमचं गिअरबॉक्स दुरुस्तीचं काम आहे. टाकीत हजार लिटर, ३२० ग्रेडचं गिअर ऑइल. थंडीत सकाळी ते काकवीसारखं घट्ट होतं आणि पंप कण्हायला लागतो. म्हणून सांगलीतल्या एका विक्रेत्याकडून ६ किलोवॅटचा हीटर घेतला. गिअर ऑइलसाठी, कमी वॉट डेन्सिटीचा (म्हणजे रॉडच्या दर चौरस सेंटिमीटरवर कमी वॉट), असं स्पष्ट सांगून. “साहेब, ऑइलचाच देतो, निर्धास्त राहा!”

किलोवॅटमध्ये त्यानं काटा मारला नव्हता. हजार लिटर म्हणजे ८८० किलोच्या आसपास; ते १५ वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण १४ युनिट लागतात. चार तासांत हवं तर साडेतीन किलोवॅट, वर टाकीच्या पत्र्यातून जाणारी उष्णता. ६ भरपूर झाले. मल्टिमीटर लावला तर प्रत्येक रॉड २६ ओहम, म्हणजे २३० व्होल्टला २ किलोवॅट. तीन रॉड, हिशोब चोख.

थंडी सरायच्या आत जळका वास सुटला. ऑइल काळं पडलं, थर्मामीटर मात्र चाळिशीच दाखवत होता. मग एक रॉड गेला. फिटरनं हीटर उपसला तर तिन्ही रॉडवर काळी खरपुडी, हॅक्सॉ ब्लेडनं खरवडावी लागली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, “तुमचं ऑइलच भेसळीचं असणार.”

मग टेप लावला. ११ मिलिमीटर जाडीची नळी, प्रत्येक रॉडची तापणारी लांबी एक मीटर. तिन्हींचं मिळून क्षेत्रफळ हजार चौरस सेंटिमीटरच्या किंचित वर, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ ६ वॉट. पाण्याला हे चालतं. रॉडजवळचं गरम पाणी लगेच वर सरकतं. घट्ट, न ढवळलेलं ऑइल तिथंच चिकटून बसतं आणि जळतं. त्याचा थर उष्णता अडवतो, आतली तार तापून तुटते. थर्मोस्टॅट टाकी बघतो, रॉडच्या अंगाला काय चटका आहे ते त्याला कळत नाही. अशा ऑइलला दीड वॉटच्या आसपासच राहावं. त्या हिशोबानं ६ किलोवॅटला साडेअकरा मीटर तापणारी नळी हवी. मला दिली तीन मीटर, पैसे घेतले ऑइल हीटरचे.

नेमप्लेटचे रिव्हेट उडवले तेव्हा खाली फ्लँजवर ‘वॉटर’ असा पंच मारलेला दिसला.

बिलावर नुसतं ‘इमर्शन हीटर, ६ किलोवॅट’. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा मिळत नाही, वकिलानंही तेच सांगितलं. तेव्हा कोटेशन आणि बिल दोन्हींवर चौरस सेंटिमीटरला किती वॉट, तापणारी लांबी किती, नळी किती जाडीची, हे लिहून घ्या आणि हीटर टाकीत सोडण्याआधी टेप लावा. लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घेऊच नका.

उरलेले दोन रॉड आता पार्ट धुवायच्या गरम पाण्याच्या टाकीत लावलेत. तिथं झकास चालतात.