जेआरएफचं नेमणूकपत्र आणि साडेआठ हजारांची अनामत

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झाली की पुढचा उद्योग ठरलेला. आयसर, एनसीसीएस, आघारकर, एनआयव्ही अशा संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रोजेक्टवरच्या जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलो) जाहिराती धुंडाळायच्या आणि सीव्ही पाठवत राहायचं. बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नाही. वॉक-इनला स्वखर्चाने जावं, तर जागा एक आणि बाहेर ही रांग. त्यामुळे पुण्यातल्या एका नावाजलेल्या संस्थेच्या नावाने मेल आला आणि पाठोपाठ मुलाखतीचा फोनही, तेव्हा घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली. खऱ्या संस्था इतक्या तत्पर नसतात, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

मुलाखत घेणाऱ्याला विषय येत होता. पीसीआरमध्ये प्रायमर-डायमर का होतात, वेस्टर्न ब्लॉटला बॅकग्राउंड आलं तर काय कराल, असे प्रश्न. आमच्यातलाच कोणी बेकार असावा, असा माझा संशय आहे. पगारही बरोब्बर सांगितला : महिना 37,000 आणि वर घरभाडं. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफचा दर हाच आहे. आकडा फुगवला असता तर शंका तरी आली असती.

खोट त्याच आकड्यात होती. या दरासाठी साध्या एमएस्सीवाल्याला नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा लागते. माझी दोन्ही नाहीत आणि त्याने विचारलंही नाही.

मग पत्र आलं. बोधचिन्ह, सही, शिक्का, खऱ्याच शास्त्रज्ञाचं नाव. सोबत अट : जैवसुरक्षा प्रशिक्षण आणि वसतिगृहाची 'परत मिळणारी' अनामत 8,500 रुपये, आज संध्याकाळपर्यंत. यूपीआयवर नाव कुणा व्यक्तीचं. "ते आमचे अकाउंट्सचे सर." पैसे गेल्यावर हिपॅटायटिसच्या लशीसाठी आणखी मागितले, तेव्हा संस्थेच्या संकेतस्थळावरचा लँडलाइन फिरवला. आस्थापना विभागातल्या बाई म्हणाल्या, "त्या प्रोजेक्टवर माणूस कधीच रुजू झालाय, बाळ."

मेल जीमेलवरून आला म्हणजे खोटाच, असं समजू नका. कितीतरी खरे पीआय, म्हणजे प्रोजेक्टचे प्रमुख शास्त्रज्ञ, जीमेलच वापरतात. जाहिरात क्रमांक आणि शेवटची तारीख संस्थेच्या पानावर जुळते का, ते बघा. माझ्या पत्रावरचा क्रमांक खरा होता, मुदत मात्र केव्हाच उलटलेली. वसतिगृहाची अनामत खऱ्या ठिकाणीही असते, पण ती रुजू झाल्यावर, पावती घेऊन.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली. थोडी रक्कम त्या खात्यात गोठवली गेली आहे, हातात अजून काही नाही. मला जास्त घोर आहे तो पाठवलेल्या कागदांचा. गुणपत्रिका, आधार, पॅन, फोटो, सगळं त्यांच्याकडे आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय, आणि माझ्या नावावर कोणी कर्ज उचललंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये अधूनमधून तपासते.