माझाच बॅकअप मला विकला

लॅपटॉपची ड्राइव्ह दिसेनाशी झाली की दुरुस्तीवाला एक रिकामी यादी दाखवतो. ती यादी खरी असते, म्हणूनच तिच्यावरून फसवणं सोपं जातं. माझ्याकडून या प्रकारात साडेसतरा हजार रुपये घेतले गेले आणि बदल्यात जो डेटा ‘वाचवून’ मिळाला, तो माझ्याच बाहेरच्या हार्ड डिस्कवर आधीपासून सुखरूप होता.

मी कोल्हापुरात छोट्या दुकानदारांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा लॅपटॉपवर असतो. कंट्रोल पॅनलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ नावाची जुनी सोय अजूनही आहे. तिच्यावर दर रविवारी संध्याकाळी अख्ख्या सिस्टिमची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब नक्कल, बाहेरच्या डिस्कवर निघते. शुक्रवारी, १८ तारखेला, लॅपटॉप अपडेट घेऊन परत चालू झाला तो थेट निळ्या पडद्यावर. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.’ रिकव्हरीत जाऊन इमेज परत घालायला घेतली. रविवारची इमेज सापडली, तारीखही बरोबर दिसली, पण शेवटच्या पायरीला उत्तर आलं की ही इमेज उतरवण्यासाठी एकही डिस्क सापडत नाही.

२० तारखेला जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचं. उशीर झाला तर प्रत्येक अशिलामागे दिवसाला ५० रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. हे सगळं मी दुकानात पाय ठेवताच बोलून दाखवलं होतं, आणि पुढचा भाव बहुधा तिथेच ठरला.

दुकान नकाशावर शोधून मिळालं. पाटीवर चार-पाच कंपन्यांची चिन्हं आणि मोठ्या अक्षरांत ‘ऑथराइज्ड’. (माझ्या लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर सर्व्हिस सेंटरची यादी आहे, तिच्यात हे नाव नाही.) काउंटरवरचा माणूस अगदी अदबीचा. त्याने पेनड्राइव्ह लावला, विंडोज नव्याने टाकण्याचा पडदा आणला आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ड्राइव्हच्या यादीत काहीच नव्हतं. “मॅडम, मी काही बोलत नाही, मशीनच बोलतंय. एसएसडी गेली.” एसएसडी म्हणजे लॅपटॉपच्या आतली, डेटा साठवणारी ड्राइव्ह. बॅकअपची डिस्क माझ्या पिशवीत होती. तीही त्याने ठेवून घेतली, “स्ट्रक्चर जुळवून बघायला लागतं” म्हणाला. संध्याकाळी फोन आला: बॅकअपसुद्धा करप्ट आहे, पण लॅबमध्ये ड्राइव्ह उघडून डेटा काढता येईल.

बिल असं होतं: तपासणी १,५००, हेड रिप्लेसमेंट ६,५००, क्लीन रूम (धूळमुक्त खोली) ४,०००, नवी ५१२ जीबी एसएसडी ५,५००. शनिवारी रात्री लॅपटॉप हातात आला, विंडोज चालू, टॅलीचं फोल्डर जागेवर. त्या क्षणी मला तो माणूस देवासारखा वाटला, हेही सांगायला हवं.

रविवारी सकाळी व्हाउचर बघायला बसले तर सोमवारपासूनच्या नोंदी कुठेच नाहीत. एकाच फर्मच्या नाहीत असं नाही, सगळ्यांच्याच. आधीच्या रविवारी दुपारी केलेली शेवटची नोंद होती आणि तिथून पुढे सगळं कोरं. मेलेल्या ड्राइव्हमधून डेटा ओढून काढला तर तो तुकड्यातुकड्यांनी गहाळ होईल, काही फाइली उघडणार नाहीत. पण सगळंच्या सगळं रविवारच्या बॅकअपपाशी येऊन थांबेल, असं कसं?

माझा पुतण्या हार्डवेअरचं काम करतो. त्याने फोनवर बिल वाचून घेतलं आणि हसायलाच लागला. “काकू, एसएसडीला हेड नसतं. हेड असतं ते फिरणाऱ्या तबकडीच्या हार्ड डिस्कला. यात नुसत्या चिप असतात, क्लीन रूममध्ये नेऊन बदलणार काय?” मग त्याने मला बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायला सांगितली. आत ‘विंडोज इमेज बॅकअप’ नावाचं फोल्डर असतं, त्यात शिरताना परवानगीचा प्रश्न येतो, ‘कंटिन्यू’ म्हणायचं. आत व्हीएचडीएक्स प्रकारची एक भलीमोठी फाइल असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘अटॅच व्हीएचडी’ निवडलं, ‘रीड ओन्ली’वर खूण केली, आणि माझी संपूर्ण सी ड्राइव्ह वेगळं अक्षर घेऊन समोर उघडली. करप्ट म्हणून सांगितलेला बॅकअप तो हाच. त्यातून कॉपी केलेल्या फाइलींचे मला साडेदहा हजार लागले होते.

मग एसएसडीला झालं काय होतं? काहीच नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, व्हीएमडी नावाचं सेटिंग असतं. ते चालू असेल आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे ड्राइव्ह ओळखायला लागणारा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर नसेल, तर धडधाकट एसएसडीसुद्धा यादीत येत नाही. त्याच पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ असं बटण असतं, ते याचसाठी. मी मागे मूळची एसएसडी काढून एक टीबीची बसवून घेतली होती. तेव्हा त्या विक्रेत्याने व्हीएमडी बंद करून विंडोज टाकलं होतं, आणि ते वर्षभर बिनतक्रार चाललं. त्या शुक्रवारच्या अपडेटमध्ये बायोसचंही अपडेट होतं. त्याने सेटिंग मूळपदावर नेलं, व्हीएमडी चालू झालं, आणि विंडोजला स्वतःचीच ड्राइव्ह सापडेना. रिकव्हरीला इमेज दिसली पण डिस्क दिसली नाही, तेही याच कारणाने. माणसं बोलतात तसं पडदा खोटं बोलत नाही, पण तो काय विचारलं गेलंय त्याचंच उत्तर देतो.

जुनी एसएसडी परत मागितली तर “स्क्रॅपमध्ये गेली” असं उत्तर मिळालं. पुतण्या बरोबर आल्यावर ड्रॉवरमधून एक २५६ जीबीची निघाली. नशिबाने मागच्या विक्रेत्याने वॉरंटीसाठी बिलावर सिरियल नंबर लिहिला होता. तो आकडा काउंटरवर ठेवला आणि पोलिसांत अर्ज देणार आहोत असं सांगितलं, तेव्हा आतल्या खोलीतून माझी एक टीबीची आली. पुतण्याने तिथेच ती यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह यूएसबीने जोडायच्या डबीत, घातली. हे एन्क्लोजर हजार-दीड हजारांत मिळतं. घेताना आपली एसएसडी एनव्हीएमई प्रकारची आहे की साटा, एवढं बघून घ्यायचं. शुक्रवारपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या. घरी येऊन ती परत लॅपटॉपमध्ये बसवली, बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं, आणि विंडोज काही घडलंच नाही अशा थाटात उघडलं.

एसएसडी खरोखरही मरतात. कंट्रोलर जळाला तर एन्क्लोजरमध्येही ती दिसत नाही, मग चांगल्या लॅबशिवाय इलाज नाही आणि तिथेही खात्री नसते. पण तो निदानाचा शेवट आहे, सुरुवात नव्हे. आधी बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव येतं का ते बघा, मग दुसऱ्या मशीनला लावून बघा. तोवर कुणालाही त्या ड्राइव्हवर विंडोज नव्याने टाकू देऊ नका. दुरुस्तीला देताना ड्राइव्हच्या लेबलचा फोटो काढा आणि पावतीवर सिरियल नंबर लिहून घ्या. बॅकअपची डिस्क मात्र घरीच ठेवा. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तिची ४८ आकडी रिकव्हरी की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती कुणाला कागदावर लिहून देऊ नका.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. त्या डिस्कवर माझ्या अशिलांचे पॅन, बँकेची स्टेटमेंट, पोर्टलचे पासवर्ड होते, आणि ते सगळं एका परक्याने उघडून कॉपी केलं. प्रत्येकाला फोन करून पासवर्ड बदलायला लावले. काहींनी समजून घेतलं. एकाने काम काढून घेतलं.

नवी एसएसडी परत करून ५,५०० मिळाले. उरलेल्या १२,००० साठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. दुकानाने दाद दिली नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. बिल, फोनवरचे मेसेज आणि दोन्ही ड्राइव्हचे फोटो जोडले आहेत. समोरच्याचं लेखी उत्तर आलंय. एसएसडीचं हेड बदलल्याचं त्यात त्याने पुन्हा एकदा ठामपणे लिहून दिलं आहे.