मिश्री सोडताना निकोटीनचं गम: पाचापैकी साडेतीन

गम मागितलं तर औषधवाल्याने विचारलं, "मालकांसाठी का?" खोक्यावरही सगळं सिगारेटचंच लिहिलेलं. बावीस वर्षं मिश्री लावणाऱ्या बाईला ते चालेल का, हे त्यालाही सांगता येईना. म्हणून लिहितेय.

२ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं. पहिले चार दिवस मी ते साध्या गमसारखं कचाकचा चावलं. उचक्या लागल्या, छातीत जळजळलं. मग रीत कळली: सावकाश चावायचं, तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. एक गोळी अर्धा तास पुरते. आधी पाव तास चहा घ्यायचा नाही, नाहीतर गुण येत नाही. चव औषधी, पुदिन्याच्या नावाखाली. महाग आहे, तंबाखूच्या पुडीशी तुलनाच नको.

तल्लफ मात्र भागते. सकाळची चिडचिड आठवड्यात निवळली. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. पंधरा दिवस अडलं खरं, मग सुरळीत झालं.

अडलं ते भलतीकडेच. चौदाव्या वर्षी दाढ दुखली, तेव्हा आजीने तव्यावर तंबाखू काळी भाजून दिली होती. दाढ पुढे काढली, मिश्री राहिली. कारण लग्नानंतर कळलं, परसात मिश्री लावत बसलेल्या बाईला कुणी काम सांगत नाही. तोंड भरलेलं, बोट काळं. सासूबाई स्वतः लावायच्या, त्यामुळे त्याही थांबायच्या. शेजारच्या वहिनी येऊन टेकायच्या. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं. बसायची तेवढीच काय ती मुभा.

आणि गम तोंडात ठेवून भाकऱ्या थापता येतात! दीड तारा त्याचाच कापला.

दुसऱ्या महिन्यात दोनदा पुन्हा मिश्री लावली, दोन्ही वेळा घरात पाहुणे होते. मग तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या, पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ वर फोन केला. पैसे पडत नाहीत. पलीकडच्या ताईंनी विचारलं, जास्त आठवण कधी येते? म्हटलं, दुपारची भांडी झाली की. त्या म्हणाल्या, मग तेव्हा बसायचंच, मिश्री नसली तरी.

आता गोळ्या बंद आहेत. भांडी झाली की परसात रिकाम्या तोंडाने बसते. सासूबाई आतून हाक मारतात. दहा मिनिटांनी ओ देते.