ऑपरेशननंतर क्रांकेनगेल्ड बंद: डॉक्टरांचा फॅक्स की स्वतःचा वीडरश्प्रुख (लेखी हरकत)?

14 मार्च 2024, गुरुवार. इथे जर्मनीत माझं मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन होऊन नऊ आठवडे झाले होते. मोजे घालायला अजून बायकोला हाक मारावी लागत होती. त्याच सकाळी आरोग्य विमावाल्यांचं पत्र आलं. मजकूर मोजका: एमडीकेच्या (विमावाल्यांसाठी आजारपण तपासणाऱ्या वैद्यकीय सेवेच्या) मते तुम्ही सोमवारपासून कामाला लायक आहात, म्हणून क्रांकेनगेल्ड, म्हणजे आजारपणात पगाराऐवजी विम्यातून मिळणारे पैसे, रविवारी, 17 तारखेला थांबेल. खाली 'लवकर बरे व्हा' अशी सदिच्छा. मी बरा झालोय की अजून व्हायचंय, हे त्यांनी आपसांत ठरवलं नसावं.

त्यानंतर ओळखीतल्या तिघांना असंच पत्र आलं आणि तिघांनीही मला एकच विचारलं: डॉक्टरांना सांगू की मीच लिहू? म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, अनुभव एकच आहे आणि तोही बाडेन-व्युर्टेम्बर्गमधला. पण दोन्ही वाटा चालून पाहिल्यात. एकीवर तीन आठवडे घालवून मग दुसरी धरली.

पहिले सहा आठवडे पगार कंपनी देते, क्रांकेनगेल्ड त्यानंतर सुरू होतं, हे इथे राहणाऱ्यांना ठाऊक असणारच. एमडीकेचं अधिकृत नाव आता नुसतं 'मेडिट्सिनिशर डीन्स्ट' झालंय, पण दवाखान्यातल्या बाईपासून कारखान्यातल्या फोरमनपर्यंत सगळे अजून एमडीकेच म्हणतात, मीही तेच म्हणतो. आणि एक सांगतो, तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. पुण्यात पहिल्या नोकरीत माझं ईएसआयचं कार्ड होतं. तिथे आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळायचे, वर्षाला 91 दिवस. इथेही ढोबळ पगाराच्या 70 टक्केच, पण एका आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत. इतके दिवस द्यायचे म्हटल्यावर देणारा विचारणारच, की बाबा, उठतोस की नाही?

तर पहिली वाट डॉक्टरांची. एमडीकेचं मत आपल्या डॉक्टरांवर एरवी बंधनकारक असतं. त्यांना ते पटलं नाही, तर लगेच, लेखी कारणं देऊन ते विमावाल्यांकडे फेर-अहवाल मागू शकतात. दुसरी वाट वीडरश्प्रुखची, म्हणजे पत्र मिळाल्यापासून महिन्याच्या आत आपण स्वतः, आपल्या सहीने हरकत घ्यायची. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. साधा ईमेल मात्र चालत नाही. पत्राखाली हरकतीच्या मुदतीची सूचनाच छापलेली नसेल तर मुदत वर्षाची होते, पण त्या भरवशावर राहू नका.

मी अर्थातच पहिली वाट धरली. कुणीही धरेल. डॉक्टर डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलतील, आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनचा प्रश्न नाही, विमावाल्यांशी वाकडं नाही. आणि ही वाट चालतच नाही असंही नाही. ओळखीतल्या एकीचं गुडघ्याच्या लिगामेंटचं प्रकरण बारा दिवसांत मिटलं. तिने विमावाल्यांना एक फोनसुद्धा केला नाही. तिचे डॉक्टर सुट्टीवर नव्हते आणि त्यांना लिहायचा कंटाळा नव्हता, हे मात्र धरून चला.

माझं काय झालं ते सांगतो. सोमवारी 18 तारखेला मी डॉक्टरांना भेटलो. ते चिडले, माझ्यापेक्षा जास्त. "तुम्हाला न बघता?" असं दोनदा म्हणाले. मला खरंच कुणी बघितलं नव्हतं, अहवाल फायलीवरून झाला होता. ही इथली नेहमीची पद्धत आहे. दोन दिवसांनी दवाखान्यातून कळलं, पत्र फॅक्स झालं. हो, फॅक्स, 2024 साली. मी निर्धास्त झालो. मग ईस्टर आला, दवाखाना बंद, विमावाल्यांकडे फोन लागेना, लागला तर तासभर पियानो. 5 एप्रिलला एकदाची बाई फोनवर भेटली. अगदी सौजन्याने म्हणाली, "डॉक्टरांचं पत्र आलंय, पण त्यात कारणं दिलेली नाहीत. त्यामुळे पुढे काही करता आलं नाही."

कारणं नाहीत? माझ्यासमोर त्यांनी कीबोर्ड बडवत अर्धं पान टाइप केलं होतं.

सोमवारी सकाळी दवाखान्यात जाऊन उभा राहिलो. बसता येत नव्हतंच फारसं. काउंटरवरच्या बाईने फाइल काढली, त्यातून तो कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. पुढच्या बाजूला माझं नाव, विमा क्रमांक, ऑपरेशनची तारीख आणि 'फेर-अहवालाची विनंती, कारणे खालीलप्रमाणे'. तिने कागद उलटला. कारणं मागच्या बाजूला होती. दवाखान्याच्या प्रिंटरने कागद वाचवायला दोन्ही बाजूंनी छापलं होतं आणि फॅक्सने एकच बाजू ओढली होती. आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत राहिलो. तिची चूक नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. विमावाल्यांनीही खोटं सांगितलं नव्हतं. पण माझे तीन आठवडे गेले होते, खात्यात एक युरो आला नव्हता, आणि 14 तारखेला माझा स्वतःचा हरकतीचा महिना संपत होता.

माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. घरात कुणी कुठेही अर्ज दिला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पोच घेतलीस का?" दाखला मिळाला का, साहेब काय म्हणाले, हे सगळं नंतर. लहानपणी याची चेष्टा करायचो. त्या काउंटरवर मला कळलं की पहिल्या वाटेवर माझ्या हातात पोच नावाचं काहीच नाही. अर्ज डॉक्टरांचा, फॅक्स दवाखान्याचा, उत्तर आलं तर त्यांना. मधल्या मध्ये मी, ज्याचं भाडं थकतंय, मी त्या कागदोपत्री कुठेच नाही. आणि फेर-अहवाल कधीपर्यंत यावा, याची मला धरून बसता येईल अशी तारीखही नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

दुसऱ्या दिवशी, 9 एप्रिलला, चार ओळींचं पत्र लिहिलं. तुमच्या अमुक तारखेच्या निर्णयाला मी हरकत घेतो. कारणे स्वतंत्रपणे पाठवतो. एमडीकेच्या अहवालाची प्रत द्यावी. सही. कारणं नंतर दिली तरी चालतात, मुदतीत हरकत पोचणं महत्त्वाचं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते सुबक जर्मन जमवण्यात महिना घालवतात. पत्र आणि त्याची झेरॉक्स घेऊन मी विमावाल्यांच्या शाखेत गेलो आणि काउंटरवर झेरॉक्सवर शिक्का मागितला. निळा, थोडा तिरका, तारखेसकट. ट्रॅममध्ये उभ्याउभ्या त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांनी उलट अंगठा पाठवला.

नऊ दिवसांनी अहवालाची प्रत आली. मला विचाराल तर वीडरश्प्रुखची खरी कमाई हीच. दीड पान होतं. पाठीबद्दल जे लिहिलं होतं ते फारसं चूक नव्हतं: जखम भरलीय, पायात ताकद आहे, चालणं ठीक. घोळ पहिल्याच रकान्यात होता. व्यवसाय: टेक्निशियन, प्रामुख्याने बसून काम.

मी पॅकिंगची मशिनं बसवतो आणि दुरुस्त करतो. दिवसातला निम्मा वेळ मशिनच्या खाली आडवा असतो, उरलेला अर्धा हत्यारांची पेटी घेऊन जिने चढत असतो. पेटी घरी आणून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवली होती (बायकोने उचलली), 18 किलो भरली. खुर्चीत बसतो ते फक्त गाडी चालवताना.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच फिरतं. तुमची नोकरी चालू आहे तोवर 'कामाला लायक' म्हणजे तुम्ही शेवटी जे प्रत्यक्ष काम करत होता त्याला लायक. जगातल्या कुठल्याही हलक्या कामाला नव्हे. तेव्हा पाठ किती दुखते यावर पानं भरू नका. पाठ दुखणं कुणी नाकारत नाही. तुमचं काम काय आहे ते लिहा. मी तीन कागद जोडले: कंपनीकडून कामाचं वर्णन, कंपनीच्या डॉक्टरांचं 'साइटवर पाठवू नये' असं दोन ओळींचं मत, आणि माझ्या डॉक्टरांची तीच कारणं, या वेळी कागदाच्या एकाच बाजूवर. 22 एप्रिलला दिले, पुन्हा शिक्का घेऊन. 16 मेला उत्तर आलं: निर्णय मागे घेतला, 18 मार्चपासूनची रक्कम जमा होईल. हरकत समितीपुढे जायची वेळच आली नाही.

आता दुसरी बाजू. वीडरश्प्रुखचा त्रास होत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हरकत दिली म्हणून पैसे लगेच सुरू होत नाहीत. आम्ही ते दोन महिने बायकोच्या पगारावर काढले आणि ते शिल्लक असल्यामुळेच निघाले. मध्येच एक पत्र येतं, त्याचा सूर असा की आम्ही पुन्हा पाहिलं, काही बदलेलसं दिसत नाही, तुम्ही हरकत कायम ठेवता का? हे पत्र बघून बरेच जण गळपटतात आणि मागे घेतात. मीही एक रात्र झोपलो नव्हतो. तो नकार नसतो. 'कायम ठेवतो' एवढं लिहून पाठवायचं. जर्मनची अगदीच भीती वाटत असेल तर फाउडेकासारखी सामाजिक संघटना आहे, सभासद झालात की त्यांचे लोक हरकत लिहून देतात. तुम्ही आयगे मेटाल या कामगार संघटनेचे सभासद असाल तर तिकडेही कायदेशीर मदत मिळते. मी घेतली नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

दोन्ही वाटांना लागू असलेली गोष्ट म्हणजे आजारपणाचा दाखला. भांडण कुठल्याही वाटेने चालू द्या, दाखल्यांची साखळी तुटू देऊ नका. आधीचा ज्या दिवशी संपतो त्याच्या पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत नवा निघाला पाहिजे. शनिवार यात धरत नाहीत. एमडीकेने लायक ठरवल्यावर काही डॉक्टर दाखला द्यायला कांकू करतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण निदान त्या दिवशी तपासलं, काय आढळलं, हे त्यांच्याकडे नोंदवून घ्या. नाहीतर हरकत जिंकूनही मधले दिवस अडकतात, म्हणजे तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

कोर्टाचं मी बघितलेलं नाही, त्यामुळे दोनच वाक्यं. हरकत फेटाळली तर महिन्याभरात सोत्सिआलगेरिख्टमध्ये, म्हणजे अशा विम्याच्या भांडणांच्या कोर्टात, जाता येतं, विमाधारकाला तिथे कोर्ट फी नाही. हरकतीवर सबळ कारणाशिवाय तीन महिने काहीच निर्णय दिला नाही तर त्या दिरंगाईविरुद्धही दावा लावता येतो. ही तीन महिन्यांची तारीख वीडरश्प्रुखवाल्यालाच मिळते. फॅक्सवाल्याला नाही.

आणि हो, दिवसाला दोनचार तास काम खरंच झेपत असेल तर भांडूच नका. हांबुर्ग मॉडेल मागा. हळूहळू तास वाढवत कामावर परतायचं, तोवर कागदोपत्री आजारीच आणि क्रांकेनगेल्ड चालू. डॉक्टर, कंपनी आणि विमावाले तिघांचा होकार लागतो. मी जूनमध्ये तसाच परतलो, पहिले पंधरा दिवस दोन तास, आणि पेटीला आता चाकं लावून घेतलीत.

तर डॉक्टर की आपण? तुमचे डॉक्टर फोनवर सापडणारे असतील, पुढच्या चार आठवड्यांत सुट्टीवर जाणार नसतील, आणि अहवालातली चूक निव्वळ वैद्यकीय असेल, तर त्यांची वाट वाईट नाही, कदाचित लवकरही संपेल. मी आज असतो तर चार ओळींची हरकत पहिल्या आठवड्यातच शिक्का मारून घेतली असती आणि मग डॉक्टरांना सांगितलं असतं, तुम्हीही लिहा. एकाने दुसरं अडत नाही.

फक्त फॅक्स करणार असतील तर कागद एकाच बाजूला छापायला सांगा.