हत्यारांची इंग्रजी नावे शिकवणारा चित्रकार्डांचा संच: तीन महिन्यांच्या वापरानंतर

वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या माणसाला हत्यारांची इंग्रजी नावे येत नाहीत, हे अर्धेच खरे आहे. नट, बोल्ट, ड्रिल, ग्राइंडर हे शब्द आपण मराठीच असल्यासारखे वापरतो आणि वॉशरचा तर कधीच वायसर करून टाकलेला आहे. अडचण येते ती यंत्राबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका उघडल्यावर, किंवा सुट्या भागांची मागणी इंग्रजीत लिहून पाठवायची असते तेव्हा. त्यासाठी घेतलेला हा संच मी तीन महिने वापरला आहे. कार्डाच्या एका बाजूस चित्र, दुसऱ्या बाजूस इंग्रजी नाव, देवनागरीत उच्चार व मराठी अर्थ, आणि ऐकण्यासाठी मोबाइलवर ध्वनिफिती, अशी त्याची रचना आहे.

संचातील सर्वांत सरस कार्ड कानशीचे आहे. चपटी, अर्धगोल, गोल आणि त्रिकोणी असे चारही आकार शेजारी शेजारी काढलेले असून, त्रिकोणी कानशीला इंग्रजी कारागीर ‘थ्री-स्क्वेअर’ म्हणतात हेही तिथे नोंदवलेले आहे. तीन कडांच्या वस्तूला ‘स्क्वेअर’ का म्हणावे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतो आहे, पण नाव तेच आहे. दात किती जाड यावरून पडणारी ‘बास्टर्ड’, ‘सेकंड कट’ आणि ‘स्मूथ’ ही नावेही दिली आहेत, आणि पहिले नाव शिवी नसून दातांची प्रत सांगणारा धंद्यातला शब्द आहे, एवढा खुलासा करून कार्ड पुढे जाते. मुठीत बसणाऱ्या निमुळत्या टोकाला ‘टँग’ म्हणतात. मूठ न बसवता कानस चालवली तर हेच टोक तळहातात घुसते, अशी सूचना चित्रासह दिलेली असल्यामुळे तो शब्द मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

बोल्टचे कार्डही विचारपूर्वक केलेले आहे. ‘एम ८’ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर, आणि त्याच्या षटकोनी डोक्याला साधारणतः १३ नंबरचा पाना लागतो, हे दोन आकडे एकाच चित्रात बाणांनी दाखवल्यामुळे एम ८ साठी ८ नंबरचा पाना घेऊन येणारा नवा मुलगा एका नजरेत सावरतो. पॉलिश पेपरच्या कार्डावर ८० नंबर खरखरीत व ४०० नंबर बारीक, म्हणजे आकडा वाढला की कण लहान, असे स्पष्ट लिहिले आहे. तेथेच ‘सँडपेपर’ या नावात वाळू असली तरी आजच्या कागदावर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात, अशी एक मजेची नोंदही आहे.

ध्वनिफितींबद्दल तक्रार नाही. ‘गेज’ला ‘गॉज’ म्हणण्याची आणि ‘रेंच’च्या आरंभीचा डब्ल्यू उच्चारण्याची माझी सवय त्यांनीच मोडली.

उणिवा मात्र गंभीर आहेत. ब्रिटिश आणि अमेरिकन शब्दांची सरमिसळ कोणतीही खूण न करता केलेली आहे. एका कार्डावर ‘स्पॅनर’, दुसऱ्यावर ‘रेंच’, आणि दोन्ही चित्रांत आपला साधा दुतोंडी पाना. शिकणाऱ्याला ही दोन वेगळी हत्यारे आहेत असेच वाटणार. आतले आटे पाडण्याच्या ‘टॅप’चे कार्ड आहे, पण पाण्याच्या नळालाही ब्रिटिश इंग्रजीत हाच शब्द आहे, याचा उल्लेख नाही. पक्कडीच्या कार्डावर ‘अ प्लायर’ असे छापले आहे. पक्कड, सांडशी, पत्रा कापायची कात्री यांसारख्या दोन जोडलेल्या भागांच्या हत्यारांना इंग्रजीत अनेकवचनच लागते आणि एक नग सांगायचा तर ‘अ पेअर ऑफ प्लायर्स’ म्हणावे लागते. मालाच्या बाबतीत हीच चूक उलट दिशेने झाली आहे: ‘प्लायवुड’, ‘टिंबर’, ‘सोल्डर’ हे शब्द इंग्रजीत मोजले जात नाहीत, त्यामुळे दोन फळ्या किंवा दोन पत्रे मागवताना ‘शीट’, ‘लेंग्थ’, ‘रील’ असे शब्द जोडावे लागतात, आणि संचात त्यांतील एकही नाही.

सर्वांत मोठी उणीव क्रियापदांची आहे. हत्यार ओळखता येणे आणि त्याने काय करायचे हे वाचता येणे यांत फार अंतर आहे, याचा अनुभव मला संच पूर्ण पाठ झाल्यानंतर आला. बेअरिंगचा नट ‘स्नग’, म्हणजे नीट घट्ट बसेपर्यंत आवळून मग पाव फेरा ‘बॅक ऑफ’ करावा, असे एका पुस्तिकेत लिहिले होते. ‘नट’ मला येत होता, ‘बेअरिंग’ येत होते. ‘बॅक’ म्हणजे मागच्या बाजूने, असा अर्थ लावून मी तो आणखी पाव फेरा आवळला. बेअरिंग दहा मिनिटांत हाताला चटका बसेल इतके तापले. ‘बॅक ऑफ’ म्हणजे उलट फिरवून सैल करणे, हे त्यानंतर समजले, आणि ते सांगणारे एकही कार्ड त्या डब्यात नव्हते.

ज्याला केवळ नावे हवी आहेत, नवे काम शिकणाऱ्या मुलांना हत्यारांची ओळख करून द्यायची आहे, त्याने हा संच जरूर घ्यावा. पुस्तिका वाचण्यासाठी किंवा मागणीपत्र लिहिण्यासाठी घेणाऱ्याने मात्र सोबत वही ठेवावी. मी पान्याच्या कार्डामागे ‘टाइटन’, ‘लूझन’, ‘बॅक ऑफ’ अशी क्रियापदे मार्करने लिहिली होती. कार्डांच्या गुळगुळीत आवरणावरून ती तेलकट हातांनी दोनदा पुसली गेली, तेव्हा आता कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहितो.