घरपोच थायरॉइड पॅकेज, वर्षभरानंतर: रिपोर्टवर पद्धतीचं नाव का छापत नाहीत?

हायपोथायरॉइड (थायरॉइड ग्रंथी कमी काम करते) जुना, थायरॉइडची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची. ठाण्यात घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं थायरॉइड पॅकेज गेल्या दिवाळीपासून घेतेय. सॅम्पल घेणारा मुलगा वेळेवर येतो, हात हलका, रिपोर्ट त्याच संध्याकाळी मोबाइलवर आणि पैसे हॉस्पिटलच्या लॅबच्या निम्म्याहून कमी. पहिले काही महिने कुणीही विचारलं तर मी डोळे झाकून हेच नाव सांगायचे.

उन्हाळ्यात रिपोर्ट आला: टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ०.०६, फ्री टी४ (खुद्द थायरॉइडचं हार्मोन) वरच्या मर्यादेपलीकडे. आधीचा टीएसएच २.८ होता आणि डोस तोच. छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजन जागच्या जागी. कागदावर मात्र थायरॉइड जोरात चाललेला पेशंट. कस्टमर केअरचं एकच पालुपद: "मॅडम, मशीनचा रिपोर्ट आहे, चुकत नाही." डॉक्टरांनी मला तपासलं आणि डोस कमी करायचं थांबवलं. "दुसरीकडून करून घ्या, हे तुमच्याशी जुळत नाही." दुसऱ्या लॅबमध्ये २.६ आला. एका तपासणीचे दोनदा पैसे गेले, याचा मला भयंकर राग आला. इथेच एक स्टार देऊन मोकळी होणार होते.

तक्रार मेलवर लावून धरली, तेव्हा लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा स्वतःहून फोन आला. पहिलाच प्रश्न: "केसांसाठी काही घेता का?" घेत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली बायोटिनची गोळी, १०,००० मायक्रोग्रॅमची. शरीराला रोज लागतं साधारण ३०.

मग त्यांनी जे समजावलं ते कुठल्याही रिपोर्टच्या मागे छापलेलं मी पाहिलेलं नाही. बऱ्याच मशीनच्या किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन ही जोडी चिकटवायच्या कामाला वापरतात. रक्तात आधीच भरमसाट बायोटिन असेल तर ते सगळ्या जागा अडवून बसतं आणि मशीनला सिग्नल कमी मिळतो. टीएसएचच्या पद्धतीत कमी सिग्नल म्हणजे कमी हार्मोन, फ्री टी४च्या पद्धतीत नेमकं उलटं, कमी सिग्नल म्हणजे जास्त हार्मोन. थायरॉइड जोरात चालला की खरोखरच टीएसएच खाली आणि टी४ वर जातो, म्हणजे दोन्ही चुका एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून खोटा रिपोर्टसुद्धा एकमेकांशी चोख जुळलेला दिसतो. दुसऱ्या लॅबच्या किटमध्ये ही जोडी नव्हती, म्हणून तिथे आकडा नीट आला.

अमेरिकेच्या एफडीएनं नोव्हेंबर २०१७ मध्येच याचा इशारा दिला होता. त्यात ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी आल्यानंतर एक पेशंट दगावल्याची नोंद आहे. ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅकची तपासणी! काही कंपन्यांनी नंतर किट सुधारली. तुमच्या लॅबकडे जुनी आहे की नवी, हे तुम्हाला कोण सांगणार?

गोळी बंद करून काही दिवसांनी लॅबनं फुकट पुन्हा तपासलं. २.७. तिथे मशीनवरचा माझा राग गेला. फॉर्मवरचा गेलेला नाही. बुकिंग करताना व्हिटॅमिन डी जोडा, फुल बॉडी जोडा, असं दोनदा विचारतात. कोणत्या गोळ्या घेता, हे एकदाही नाही. एक ओळ! आणि रिपोर्टवर मशीनचं, किटचं नाव नाही. फ्री टी४ची नॉर्मल रेंज किटनुसार बदलते, म्हणजे लॅब बदलली की जुन्या आकड्याशी तुलनाच करता येत नाही. नाव छापायला शाई किती लागते? एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) शिक्का आहे, तो हवाच, पण मशीन तपासायला रोज लावतात त्या कंट्रोल सॅम्पलमध्ये कुणाच्या केसांच्या गोळ्या नसतात. मशीन त्या परीक्षेत पास होतं आणि पेशंटच्या रक्तावर फसतं.

पीसीओडीसाठी भाचीचं टेस्टोस्टेरॉन याच लॅबमधून करणार होतो, ते रद्द केलं. बायकांमधलं प्रमाण इतकं कमी असतं की नेहमीच्या इम्युनोअ‍ॅसेचा (अँटिबॉडी वापरून हार्मोन मोजणाऱ्या अशाच किटचा) भरवसा तिथे डळमळतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणूंचं वजन मोजून ओळखणारी जास्त अचूक पद्धत) करून घ्या, महाग पडलं तरी.

थायरॉइडसाठी मात्र इथेच राहतेय. बायोटिन किमान दोन दिवस आधी बंद (मोठा डोस असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा), थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर, आणि वेळ दर वेळी सकाळचीच, कारण टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. तीन स्टार. त्यातला एक पूर्ण पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा. पॅकेजचे पैसे परत आले. दुसऱ्या लॅबला भरलेले द्यायला नकार दिलाय, त्याचा मेल काल पुन्हा पाठवला आहे.